भिंतीवर लावलेली पाटी

सोमाटणे
७ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्यासाठी तू माझ्यावर चिडतेस, म्हणून लिहायला बसले. चिक्कीचा डबा मिळाला. अतुलने, तुझ्या गुणी जावयाने, एकट्याने दोन दिवसांत संपवला आणि आळ आपल्या पोरीवर, कोमलवर घातला.

कोमलच्या तपासणीचा कागद पुण्याहून आला. त्यात दोन गोष्टी लिहिल्या आहेत. तिची बुद्धी शंभरात एखाद-दुसऱ्या मुलाची असावी इतकी पुढची आहे. आणि वाचन-लेखनात तिला अध्ययन अक्षमता आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दोन्ही एकाच मुलात असू शकतं. एकामुळे दुसरं झाकलं जातं आणि मूल नुसतं आळशी दिसतं. मला पटलं. परवाच अतुलने आंबीच्या कंपनीतून मशीनचा नकाशा घरी आणला होता. दोन इंजिनीअरांच्या नजरेतून सुटलेली चूक हिने चहा संपायच्या आत दाखवली. त्याच संध्याकाळी मराठीचा एक परिच्छेद वाचायला तिला वीस मिनिटं लागली, आणि शेवटी तिने पुस्तक पलंगाखाली ढकललं.

दहावीला तिला लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. शाळेने ३१ ऑक्टोबरच्या आत बोर्डाकडे प्रस्ताव पाठवायला हवा. मुख्याध्यापिका संस्थेच्या अध्यक्षांना विचारल्याशिवाय सही करत नाहीत, आणि अध्यक्ष हौशीराम गुरुजी आहेत. होय, आपल्या जुन्या शाळेतले, तेच. ते म्हणाले की मुलगी हुशार असेल तर सवलत कशाला, आणि सवलत लागत असेल तर हुशार कसली. दोन्हींतलं एक ठरवा आणि मग या.

तुझ्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. पण सही होईपर्यंत गप्प राहा. तेवढं माझ्यासाठी कर.

तुझ्या रागापेक्षा तुझी माया जास्त आहे, ती असू दे.
तुझी,
चैताली

कार्ले
१५ सप्टेंबर २०२५

चि. चैतालीस अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. तो कागद मला आवडला नाही, हे आधीच सांगते. हुशार हाही शिक्का आणि अक्षम हाही शिक्का. शिक्का छातीवर मारला तरी पाठीवर उमटतो. आपल्या घराने एक सोसला आहे, आता पोरीला दोन कशाला?

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी हे कागदावर कधी उतरवलं नाही. तुझा दादा प्रज्ञेश चौथीत होता. त्याला धडा वाचता येईना, म्हणून गुरुजींनी पाटीवर काहीतरी लिहून ती सुतळीने त्याच्या गळ्यात अडकवली आणि तसंच गावातून घरी पाठवलं. तुझे वडील जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मला अक्षर येत नव्हतं आणि त्यालाही ते वाचता आलं नाही. मला वाटलं, पोराला बक्षीस मिळालं. मी ती पाटी भिंतीवर तसबिरीशेजारी लावली आणि आळीत गूळ वाटला. जिच्याशी बोलणं नव्हतं, त्या आक्काबाईच्या घरीसुद्धा दिला. लोकांनी गूळ खाल्ला आणि कुणी मला सांगितलं नाही. पाटीवर मंदबुद्धी असं लिहिलेलं होतं.

त्याने त्या वर्षीच शाळा सोडली. पुढे कुठलाही पंखा, कुठलीही मोटर त्याच्या हाताखाली सुरू व्हायची, पण वायरमनची लेखी परीक्षा त्याला देता आली नाही, म्हणून तो जन्मभर हेल्परच राहिला. बाविसाव्या वर्षी लोणावळ्याच्या एका बंगल्यात विजेच्या खांबावर चढला. खालच्या पेटीवर कुणीतरी खडूने लिहून ठेवलं होतं की लाईन चालू आहे. बाकीच्यांनी ते वाचलं होतं.

मी वाचायला शिकले ती तो गेल्यानंतर, चिक्कीच्या कारखान्यात खोक्यांवरची नावं लावून लावून. आता मला सगळं वाचता येतं. काल घरी आलेली पत्रिकाही वाचली. बारा ऑक्टोबरला लोणावळ्यात गुरुजींच्या पंचाहत्तरीचा सत्कार आहे आणि जुन्या पालकांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती आहे. माझ्याकडे दोनापेक्षा जास्त आहेत. प्रज्ञेश गेल्यापासून एकोणीस वर्षं मी ते जपून ठेवले आहेत.

कोमलला गालावरून हात फिरवून सांग, आजीने विचारलं आहे.
आठवण राहू दे.
तुझी आई

सोमाटणे
२४ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पाटी भिंतीवर लावलीस इथपर्यंत तू लिहिलंस. त्याच्या लगेच पुढचं लिहिलं नाहीस, ते मी लिहिते.

मी दुसरीत होते. चौथ्या दिवशी मी अक्षरं जुळवून ती पाटी वाचली आणि धावत येऊन तुला सांगितलं. तू गुरुजींकडे गेली नाहीस. तू चुलीजवळची फुंकणी उचललीस. दादाच्या डाव्या कोपरावरचा वण शेवटपर्यंत होता. मी वाचलं नसतं तर त्याला मार बसला नसता, हे मी अतुललासुद्धा सांगितलेलं नाही.

शिक्क्याचं म्हणशील, तर दादाला निम्माच मिळाला. उरलेला निम्मा कुणी लिहिला असता, की हा पोरगा वाचू शकत नाही पण हुशार आहे, त्याला तोंडी विचारा, तर तो आज परवानावाला वायरमन असता. म्हणून मला कोमलच्या कागदावर दोन्ही हवेत. तू आणि गुरुजी, दोघंही मला एकच निवड म्हणता.

बारा तारखेला जाऊ नकोस. सही झाली नाही तर पोरगी नापास होईल आणि तुझा सूड तिच्या गुणपत्रिकेवर लिहिला जाईल. सही झाल्यावर त्यांच्या दारात जाऊन ओरड, मी तुझ्या शेजारी उभी राहीन.

रागावलीस तरी पत्र पाठवायचं थांबवू नकोस.
तुझी,
चैताली

कार्ले
१३ ऑक्टोबर २०२५

चि. चैतालीस अ. आ.

गेले. तुझं ऐकलं नाही.

फुंकणीचं वाचून मी चार दिवस कामावर गेले नाही. मग विचार केला की गुरुजींचं माप मी रोज काढते आणि माझं कधी काढलं नाही, म्हणून त्यांना माझ्यापासून भय नाही. एक चिडकी म्हातारी आरोप करते म्हणायचं आणि हार घालून घ्यायचा, एवढं त्यांना सोपं होतं. ते मला सोपं ठेवायचं नव्हतं.

सभागृह भरलं होतं. शाल, नारळ, मानपत्र सगळं झालं. मला माईक दिला तेव्हा सूत्रसंचालकाने सांगितलं की मावशींनी थोडक्यात बोलावं. मी थोडक्यातच बोलले. माझ्या मुलाला मी फुंकणीने मारलं, असं आधी सांगितलं. मग का मारलं ते सांगितलं. पाटी, सुतळी, आळीत वाटलेला गूळ, खडूने लिहिलेली पेटी. गुरुजींनी आणि मी मिळून त्याला वर चढवलं, असं म्हटलं. माझा वाटा मी सगळ्यांसमोर उचलला होता, म्हणून त्यांना त्यांचा नाकारता आला नाही. शेवटी म्हटलं की माझ्या नातीचा कागद त्यांच्या टेबलावर आहे, त्यावर दोन शब्द आहेत आणि दोन्ही खरे आहेत. त्यातला कुठला खोडायचा ते त्यांनी या लोकांसमोर सांगावं.

ते शालीचं टोक बोटाला गुंडाळत बसले. जेवणाच्या पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. मी दोनदा मठ्ठा घेतला.

कागदाचं तू बरोबर म्हणत होतीस. सही झाली नाही, तर पोरीची अपराधी मी. तेव्हा मला बोल लाव, ऐकून घेईन.
तुझी आई

सोमाटणे
१७ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तीन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात इतकी भांडले की आता लिहायला काही उरलं नाही.

प्रस्ताव काल बोर्डाकडे गेला. मुख्याध्यापिका सांगत होत्या की गुरुजींनी डॉक्टरांचा कागद स्वतः दोनदा वाचला आणि मंजुरी दिली. कोमलला सांगितलं तर म्हणाली की लेखनिक भराभर लिहिणारी पाहिजे, नाहीतर तिला माझा वेग झेपायचा नाही.

सोबत तुझ्यासाठी गुरुजींची चिठ्ठी आहे. आई, ते थकलेत. माफी मागतात. देऊन टाक आणि तूही मोकळी हो.

दिवाळीत तुझी वाट पाहते.
तुझी,
चैताली

कार्ले
२४ ऑक्टोबर २०२५

श्री. हौशीराम गुरुजी यांस,
जयभीम.

चिठ्ठी पोहोचली. कोमलच्या कागदाला मंजुरी दिलीत. त्याचे आभार मानत नाही, ते तिचंच होतं.

त्या काळी असं काही आजार-बिजार कुणाला माहीत नव्हतं, असं तुम्ही लिहिलं आहे. मलाही माहीत नव्हतं. पण गळ्यात पाटी घेऊन चाललेलं पोर तुम्ही शाळेच्या पायरीवरून पाहत होतात. ते समजायला कुठल्या डॉक्टरचा कागद लागतो?

तुम्ही माफी मागता. माझी मुलगीही म्हणते, देऊन टाक. माझ्याजवळ ती असती, तर आधी मीच घेतली असती. एकोणीस वर्षं मी मागते आहे, आणि देणारा उरला नाही. तुम्हीही मागत राहा. रांगेत माझ्या मागे उभे राहा.

लोभ ठेवू नये.

प्रज्ञेशची आई,
शकुबाई