टाकीमागचा चढ

दि. ४ मार्च

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा सा. न. वि. वि. त्यातलं विशेष एवढंच, की हे पत्र भाऊजींना वाचून दाखवू नकोस.

आधी गुन्हा सांगतो, मग खुशाली. रविवारी मी शोरूमच्या गाडीच्या डिकीत मी कामाला आहे त्या दुकानातली फरशीची सहा खोकी लपवली. एक खोकं अठ्ठावीस किलोचं. वरून चटई अंथरली. ही गोष्ट फक्त मला आणि स्पॅनरला माहीत आहे. स्पॅनर म्हणजे तोच, शाळेत माझ्या बाकावरचा. सध्या त्या शोरूममध्ये गाड्या धुतो आणि स्वतःला इंजिनिअर समजतो.

आता का केलं ते ऐक. तुला बाळंतपणाला घरी आणायचं ते स्वतःच्या गाडीतून, स्वतः चालवत, हा बाबांचा हट्ट तुला माहीत आहेच. गाडी ठरली, रंगही ठरला (आईने ठरवला), अडलं इंजिनावर. तीच गाडी दोन इंजिनांत मिळते, एक बाराशे सीसीचं आणि एक पंधराशेचं. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. पण पंधराशेवालीला बाबांची सात महिन्यांची पेन्शन जास्त पडते. बाबांचं म्हणणं, घरातल्या चार माणसांना बाराशे भरपूर झालं, जास्तीची ताकद काय चाटायची आहे! माझं म्हणणं, तुझ्या हॉस्पिटलचा घाट चढायचा तर पंधराशेच पाहिजे. खरं सांगू? घाट हे निमित्त. मला बायपासवर सगळ्या पोरांना मागे टाकायचंय. तुझ्याशी खोटं बोलत नाही, बाकी सगळ्यांशी बोलतो.

आणि मला गाडी किती येते हे तुला माहीत आहे. दुकानाचा टेम्पो गच्च भरून मी रोज पाण्याच्या टाकीमागच्या चढावरून नेतो. बाबांना अजून वाटतं, मी त्यात नुसता बाजूला बसून शेंगा खातो.

तर त्याच चढावर बाराशेवालीची टेस्ट ड्राइव्ह होती. तू सायकलवरून पडलीस आणि आईला माझं नाव सांगितलंस, तोच चढ. आईने बाबांना नवे बूट घालायला लावले होते. बाबा स्टिअरिंगवर, शेजारी शोरूमचा टायवाला, मागे आई आणि मी, आणि आमच्या पाठीमागे एकशे अडुसष्ट किलो फरशी. अर्ध्या चढावर समोरून टेम्पो आला म्हणून बाबांनी गाडी थांबवली. पुन्हा उचलायला गेले तर बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदा तर मागे घसरायला लागली, तेव्हा टायवाल्याने हात घालून हँडब्रेक ओढला.

काम फत्ते! पंधराशेवाली चालवून बघायला बाबा बसलेच नाहीत, नको म्हणाले. घरी आल्यापासून गप्प आहेत, म्हणजे मनात आकडेमोड चालू आहे. शनिवारपर्यंत होकार आलाच समज.

आई बरी आहे. तू जिन्यावरून धावत जाऊ नकोस. लोभ आहेच, तो हे वाचूनही टिकव.

तुझा,
पिपाणी


दि. ६ मार्च

चि. सौ. लेकीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझी भूक आणि झोप कशी आहे ते मोघम न लिहिता नीट कळव.

एक गोष्ट विचारायची आहे. लेक म्हणून नाही, नर्स म्हणून. पायातली ताकद मोजायची काही तपासणी असते का? डाव्या पायाची, म्हणजे क्लचच्या. मुंग्या येत नाहीत, कंप नाही, जिना चढताना काही जाणवत नाही. पण रविवारी चढावर गाडी माझ्या हातून मागे गेली.

एकतीस वर्षं बस चालवली. पन्नास माणसांची गाडी भर घाटात उभी करून उचलली, पण बोटभर मागे जाऊ दिली नाही. आगारात नवीन पोरं यायची त्यांना मीच सांगायचो, की प्रवाशाच्या हातातला चहा सांडला तर इंजिनाला शिव्या देऊ नका, आपल्या पायाकडे बघा. आणि परवा एका पोरसवदा माणसाने माझ्या हाताखालचा हँडब्रेक ओढला. त्याचं काही चुकलं नाही. तुझी आई मागे बसली होती.

तुझ्या भावाला वाटतं मी मोठ्या इंजिनाचा विचार करतोय. ते घेतलं तर माझ्या पायाचं कुणाला कळणारही नाही, गाडी आपली ओढून नेईल, हे मलाही समजतं. पण कुबडीसाठी एवढा पैसा घालणं पटत नाही. आणि पायच गेला असेल तर तुला आणि बाळाला घेऊन मी त्या घाटात उतरूच नये. तेव्हा गाडीचा विषय मी सोडला आहे. तुला आणायला भाड्याची गाडी करू, मी मागे बसेन.

घरी अजून बोललो नाही. आईला यातलं काही लिहू नकोस.

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी थोडे जास्त.

तुझे बाबा


दि. ११ मार्च

चि. पिपाणीस,

आशीर्वादाला उचललेला हात तुझ्या कानाखाली कसा पोचवावा या विचारात मी आहे. इथे वर घाटात फोन लागत असता तर हे सगळं तुला ओरडून सांगितलं असतं, आणि अख्ख्या गल्लीने ऐकलं असतं. वाचलास.

तुझं आणि बाबांचं, दोन्ही पत्रं पोस्टमनने एकदमच आणून दिली. मी तुझं आधी उघडलं. इतकी हसले की वॉर्डातली आजी घाबरून उठून बसली. तुझ्या भाऊजींनाही वाचून दाखवलं, नको म्हणालास म्हणूनच. मग बाबांचं उघडलं.

आकडेमोड चालू आहे म्हणे! अरे गाढवा, बाबांनी मला विचारलंय की पायातली ताकद मोजायची तपासणी असते का. त्यांना वाटतंय त्यांचा डावा पाय गेला. गाडी घ्यायचं त्यांनी सोडून दिलंय, बाराशेही नाही आणि पंधराशेही नाही. मला आणायला भाड्याची गाडी येणार आणि बाबा मागे बसणार. बाबा, मागे! तू त्यांना कधी मागे बसलेलं बघितलंयस? लग्नाला गेलो तरी ते ड्रायव्हरशेजारी बसून उजवा पाय दाबत असतात.

तू लहान होतास, तुला आठवणार नाही. सुट्टीत आई आपल्याला त्यांच्या बसमध्ये बसवायची. तू त्यांच्या पाठीमागच्या सीटवर झोपायचास आणि घाट चढून उतरून झाला तरी तुझी मान हलायची नाही. तो पाय आहे तो. तू त्याच्यावर फरशी घातलीस.

आणि माझ्या घाटाचं नाव पुढे करू नकोस. आमची रुग्णवाहिका तुझ्या बाराशेपेक्षाही लहान इंजिनाची आहे. ड्रायव्हरमामा दिवसातून दोनदा पेशंट, नातेवाईक आणि ऑक्सिजनचा सिलिंडर घालून ती वर आणतात. कुठे थांबायचं आणि कुठे उचलायचं ते त्यांना कळतं, एवढंच.

मी येईन तर बाबांच्या हातच्या गाडीतून. ते चालवताना मला आयुष्यात कधी मळमळलं नाही, आणि सध्या मला नुसतं खुर्चीवरून उठलं तरी मळमळतं. बाबांना मी काहीच लिहिलेलं नाही. खोकी तू चढवलीस, तूच उतरव. आजच्या आज खरं सांग. माझ्याकडून उशीर झाला तर त्यांना वाटेल मी तपासणीच शोधतेय.

रागावले आहे म्हणून लोभ आटलेला नाही. पण त्याच्यावर जास्त भार टाकू नकोस.

तुझी ताई


दि. १० एप्रिल

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. महिनाभर पत्र नाही म्हणून तू मला काय काय म्हणाली असशील ते सगळं मान्य.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. देवाशपथ सांगितलं. ते मागच्या दारी बसून नवे बूट पुसून खोक्यात भरत होते. मी फरशीच्या खोक्यांचा आकडा, वजन, चटई, स्पॅनर, सगळं ओकलो. बाबांनी ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, माझं मन राखायला एवढ्या थापा मारू नकोस, पण मारल्यास ते बरं वाटलं. ताई, जन्मात पहिल्यांदा खरं बोललो आणि ते खपलं नाही! स्पॅनरला साक्षीला आणला तर त्यांना वाटलं दोघांनी मिळून रचलंय. स्पॅनरला पण कौतुकाने चहा पाजला. आईने मात्र माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

रात्रभर तळमळलो. खऱ्याने भागेना, मग मला जे येतं तेच केलं.

आईच्या मागे लागून आणखी एक टेस्ट ड्राइव्ह ठरवली. लायसन्स तेवढं माझ्याकडे आहे, म्हणून गाडी मी चालवणार, बाबांनी नुसतं शेजारी बसायचं. तीच बाराशेवाली. डिकी मी आणि स्पॅनरने दोनदा उघडून बघितली, आत एक कपटासुद्धा नव्हता. मागे आई आणि टायवाला. त्याच्या हातात शोरूमचा चहा होता, काठोकाठ भरलेला कागदी कप. निघताना कुणीतरी त्याच्या हातात दिला. कुणी ते विचारू नकोस.

टाकीमागच्या चढावर बरोबर त्याच जागी मी गाडी बंद पाडली. मग आणखी एकदा. गाडी नीट चालवणं सोपं असतं गं, आपल्याला येत असून वाईट चालवायला घाम फुटतो. मागे एक ट्रक येऊन भोंगा वाजवायला लागला. मी तिसऱ्यांदा बंद पाडली, गाडी वीतभर मागे गेली, आणि हँडब्रेक खाडकन वर आला. बाबांचा हात होता.

ते म्हणाले, ऊठ. एवढंच. उतरले, फिरून माझ्या बाजूला आले. सीट मागे घेतली, आरसा हलवला. मग आगारात करायचे तसं डाव्या पायातली चप्पल काढून ठेवली आणि तळवा क्लचवर टेकवला. ट्रकवाला बोंबलतच होता. बाबांनी काही घाई केली नाही. जरा वेळ नुसते बसले, कान देऊन बसतात तसे. मग हँडब्रेक सुटला, आणि ताई, गाडी कधी हलली ते मला कळलंच नाही. बाहेर बघितलं तर टाकी मागे जात होती.

वरती पोचल्यावर टायवाला आपल्या कपाकडे बघत बसला होता. थेंब सांडला नव्हता. आईने पदर डोळ्याला लावला आणि धूळ फार आहे म्हणाली. काचा बंद होत्या.

पंधराशेवालीचा विषय टायवाल्याने एकदा काढून बघितला. बाबा म्हणाले, ज्याला पायाने ऐकू येत नाही त्याने ती घ्यावी. त्या पहिल्या रविवारी काय झालं याचा शोधही त्यांनी लावला. नव्या बुटांचा तळ जाड होता. बूट त्यांनी मला देऊन टाकलेत.

तर बाराशेवाली घेतली. आठ दिवस झाले, दारात उभी आहे. बायपासवर सगळी पोरं मला मागे टाकतात आणि वर हात हलवतात. असो. महिनाअखेरीला बाबा स्वतः चालवत तुला आणायला येतायत. तुझ्या बाजूला ठेवायची उशीसुद्धा त्यांनी आत्तापासून गाडीत टाकलीय, आईला हात लावू देत नाहीत.

आता खरी गंमत. मला गाडी अजिबात येत नाही हे बाबांनी जुन्या सगळ्या ड्रायव्हर मित्रांना सांगितलंय. म्हणून रोज सकाळी सहाला ते मला टाकीमागच्या चढावर नेतात. माझे दुकानातले सोबती टेम्पोतून जाताना खिदळतात, आणि मी भरल्या टेम्पोने रोज तोच चढ चढणारा माणूस, क्लच कुठला असतो ते शिकतोय. बाबा गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवतात. हळू म्हणतात, ऐक म्हणतात. चुकलो तर रागावत नाहीत. बस घेऊन ते कायम बाहेरगावी, म्हणून मला सायकल तू शिकवलीस, पोहायला स्पॅनरने, आणि टेम्पो शेठच्या शिव्यांनी. बाबांनी शिकवलेलं माझ्याकडे काहीच नव्हतं. आता आहे. आणि एक सांगू, थोडंफार नवीन पण कळतंय. माझा टेम्पो हल्ली चढावर मागे जात नाही.

काल ते म्हणाले की प्रगती आहे, पण तुझ्या घाटाला मी अजून तयार नाही, आणखी दोन-तीन महिने तरी लागतील. मी पण मुद्दाम एकदा बंद पाडली, म्हटलं चार महिने होऊ देत.

म्हणून ताई, पाया पडतो तुझ्या. खोक्यांचं सांगितलंस तरी चालेल, ते तसंही कुणाला खरं वाटत नाही. पण मला गाडी येते हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस. आईला नाही, भाऊजींना तर अजिबात नाही, आणि पोटातल्याच्या कानात पण नाही. सांगशील तर सकाळी सहाला मला कोण उठवेल?

लोभ वाढव, आणि तोंड मिटून ठेव, एवढीच विनवणी.

तुझा,
पिपाणी