ठोके लागत नाहीत

३ मे
आले एकदाची! कोलाशिन गावाच्या वर, डोंगरातलं माझ्या नवऱ्याचं, रादोसावचं घर. सासूबाई मिलुंका स्वागताचा पाव आणि मीठ घेऊन दारातच उभ्या होत्या. मला चौथा महिना, म्हणून भांड्यांना हात लावू देत नाहीत. थोरली जाऊ येला तेवढी गप्प गप्प. तिच्या तिन्ही मुली मात्र मला चिकटल्याच. सासूबाई हसत म्हणाल्या, घरात वेण्याच वेण्या झाल्यात, आता तू काय ते बघ.

१० मे
सोनोग्राफीवरून वाद. मला नको आहे. ऑफिसातल्या स्लावित्साला पडद्यावर कसलासा ठिपका दाखवून चार महिने रडवलं आणि मूल निघालं धडधाकट. रादोसाव म्हणाला, बाळ नीट आहे एवढंच बघू, मुलगा की मुलगी ते विचारायचं नाही. शब्द दिला. मी हो म्हटलं. किती जपतो मला!

२८ मे
डॉक्टर सासूबाईंच्या माहेरचे. पडदा भिंतीकडे फिरवलेला, आवाज बंद. बराच वेळ बघून त्यांनी रादोसावला आत बोलावलं. मग मला सांगितलं, ठोके लागत नाहीत. गुरुवारी पिशवी रिकामी करावी लागेल. रादोसाव मला मिठी मारून ढसाढसा रडला.

२९ मे
सकाळी पोटात काहीतरी हललं. दोनदा. सासूबाई म्हणाल्या, वारा असेल गं पोरी, आईचं मन फसवतंच.
दुपारी येला कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिघींनंतर माझेही ठोके लागले नाहीत. दोनदा. डॉक्टर हेच."

३० मे
कुणाला न सांगता बस पकडून राजधानीत, पोदगोरित्साला आले. अनोळखी डॉक्टरीणबाई. त्यांनी आवाज सुरू केला. धावत्या घोड्यासारखे ठोके! म्हणाल्या, मुलगी आहे, अगदी ठणठणीत.
रस्त्यातूनच रादोसावला फोन केला. वाटलं, आनंदानं ओरडेल. तो म्हणाला, "तू तिकडे कशाला गेलीस?"
त्याला माहीत होतं. रडताना माहीत होतं.

३१ मे, सकाळ
माहेरी आहे. आईला सगळं सांगितलं. तिनं केस विंचरून दिले, सूप भरवलं. इथं भीती नाही.

दुपार
आई स्वयंपाकघरात फोनवर— हळू आवाजात— "गुरुवारपर्यंत थांबू नका. आजच या. मी समजावते तिला."

आई म्हणते, पहिलंच आहे, पुन्हा होईल. घर मोडू नकोस, नेवेना.
माझी आई.

दाराला कुलूप, किल्ली नाही. तिच्या खिशात आहे. माझा फोनही—

खाली गाडी. रादोसाव, सासूबाई. डॉक्टर पण.
मी ओरडले. आई म्हणाली, हळू, शेजारी ऐकतील.
पोटात ती हलतेय— सारखी—
जिन्यावर पावलं. आई उठली. खिशातून किल्ली काढतेय—