बुधरीबाईची हरकत

मुलचेऱ्याजवळ,
रविवार, १७ मार्च २०२४

प्रिय मंजुषा,

मी बरा आहे. आईंचा गुडघा आता कसा आहे? त्यांना माझा नमस्कार सांग. घेणार असतील तर.

परवापासून इथला टॉवर बंद आहे, म्हणजे आज तुझा फोन लागला नसणार. म्हणून हे पत्र. घटस्फोटाच्या कागदांवर सही करायला मी इतके महिने का लावतोय, हे तू विचारणारच. ते लिहितो, पण आधी इथलं ऐक. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, हे तुला नवीन नाही.

जेवायचे हाल नाहीत. ग्रामसभेचा अध्यक्ष इसरू, त्याच्याकडे दोन्ही वेळ जेवतो. मोहाची फुलं पडायला लागलीत, त्यामुळे ती वेचायला पहाटेच सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात जातं आणि मी शाळेच्या खोलीत एकटा. याच जिल्ह्यात, चामोर्शीत वाढलो, तरी इथे दुपारी मला पाहुण्यासारखंच वाटतं. परवा एका कोंबडीशी बराच वेळ बोललो.

माझ्या संशोधनाचा विषय तुला तोंडपाठ आहे. लोकशाहीत काही माणसं कष्टाने कमावत नाहीत, अडवून धरता येईल अशा जागेवर बसून कमावतात. इथे बिडीसाठी लागणारी तेंदूची पानं कोणत्या ठेकेदाराला विकायची ते ग्रामसभा ठरवते, आणि या गावात मतदान नसतं. एकाचीही हरकत असली तर ठराव होत नाही. मी हरखलो. प्रत्येकाच्या हातात अडवायची ताकद असेल, तर कोणीतरी तिची किंमत वसूल करणारच. मला ते माणूस हवं होतं, आणि मिळालं.

बुधरीबाई. नवरा वारला. मुलगा डोमा मिरची तोडायला तेलंगणात गेला आणि तिकडेच राहिला. सगळं गाव एका ठेकेदारावर राजी, पण ही एकटी म्हणे, पटत नाही. कारण रोज नवं. इथली रीत अशी, की हरकत घेणाऱ्याला सभेत दामटायचं नाही, त्याच्या घरी जाऊन समजवायचं. म्हणून रोज संध्याकाळी लोक तिच्या अंगणात. इकडे ठेकेदार ठरल्याशिवाय मजुरी कोण देणार, म्हणून तेंदूच्या झुडपांची छाटणी खोळंबलेली. ती वेळेवर झाली नाही तर चांगलं पान फुटत नाही आणि गावाचा हंगाम हातचा जातो.

मी पडलो विद्वान. इसरूला बाजूला घेऊन सांगितलं, दुसऱ्या ठेकेदाराने म्हातारीला काहीतरी चारलं असणार.  नंतर दोन-तीन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

मग पुरावा शोधायला मीही तिच्या अंगणात जाऊन बसू लागलो. अंगण सारवलेलं, चटया टाकलेल्या, पाण्याचा पितळी गुंड भरलेला. कोणाची सून माहेरी गेली, कोणाचा बैल लंगडतो, ती सगळं खोदून खोदून विचारायची. ठेकेदाराचा विषय निघाला की तोंड वाकडं. एकदा लोक उठून गेल्यावर मी सरळ विचारलं, की बाई, तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय?

चटई गुंडाळत ती म्हणाली, "हो म्हटलं का मंग माह्या घरी कोन येते?"

मंजू, मी खोलीवर आलो आणि त्या दिवशी काही लिहिलं नाही.

गुरुवारी बायका आल्या. आता छाटणी नाही झाली तर यंदा काही खरं नाही, म्हणाल्या. ती एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "लेकराइचं नुकसान काऊन करू? करा ठराव."

दुसऱ्या दिवशी गाव छाटणीला लागलं. संध्याकाळी मी गेलो, तर अंगण तसंच सारवलेलं, चटया टाकलेल्या, आणि ती एकटी. मला बघून म्हणाली, "आता तुमचं का काम हाय?" मी म्हटलं, काही नाही. म्हणाली, "मंग बसा." बसलो. 

आता कागदांचं. तुझ्या भावाला वाटतं, मी घराच्या हिश्श्यासाठी अडून बसलोय. तू म्हणतेस, अहंकार. खरं कारण लाज वाटावी असं आहे. मी हो म्हणेपर्यंत दर रविवारी तू फोन करणार, समजावणार, चिडणार, आणि चिडता चिडता जेवलास का म्हणून विचारणार. शनिवारपासूनच मी त्या फोनची वाट बघतो. जगाची अडवणूक मोजायला निघालेला माणूस तुझी वाट अडवून तुझा आवाज वसूल करत होता. मला तू हवी आहेस, एवढं सरळ सांगता आलं असतं. आज सांगतो, आणि त्याबदल्यात काही मागत नाही.

सगळ्या कागदांवर सह्या केल्या आहेत, सोबत पाठवतो. तारखेला नागपूरला कोर्टात हजर राहीन. टॉवर सुरू झाला तरी रविवारी फोन करायला तुला आता काही कारण उरलेलं नाही.

कारण नसताना केलास, तर उचलीन.

कोर्टाच्या तारखेपर्यंत तुझाच,
हेमराज