तिसरा खांब

क्वेडलिनबुर्ग, जर्मनी
२९ मार्च २०२५

ती. बाबांना अनुपचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं बोलणं कळत नाही आणि दोष तुम्ही मोबाईलला देता. म्हणून कागदावर लिहून तुमच्या सुनेच्या, विजयमालेच्या मोबाईलवर फोटो पाठवतोय. जुनं लाकूडकाम शिकायला आलेले आम्ही बाराही सुतार सुखरूप आहोत. थंडी मात्र अशी, की रिसोडचा देवमन दोन स्वेटर घालून जेवतो आणि घरची भाकर आठवून रडकुंडीला येतो.

इथं गल्लीच्या गल्ली लाकडी सांगाड्याच्या घरांची आहे. चारशे वर्षांचे खांब अजून भार पेलतात. आम्हाला फिरवणाऱ्या म्हाताऱ्या सुतारानं दाखवलं, की खाली दगडी जोतं, त्यावर आडवं लाकूड आणि त्यावर खांब. बुडाशी सिमेंट ओतलं तर ओल आत कोंडते, खांब वरून धडधाकट दिसतो आणि पोटातून कुजतो, असं तो म्हणाला. बाबा, आपणही तेच केलंय. सात वर्षांपूर्वी वाळवीच्या धास्तीनं आपण मारुतीच्या सभामंडपातल्या खांबांना सिमेंट केलं. तुम्ही सांगितलं, मी कालवलं.

रामनवमीला सप्ताह बसेल. दीडशे माणूस त्या मंडपाखाली असेल. आई आणि विजयमाला तर तिसऱ्या खांबालाच टेकून बसतात. मी येईपर्यंत तिथं कोणाला बसू देऊ नका, एवढं ऐका.

माया असू द्या.
अनुप

खैरवाडी, ता. मालेगाव, जि. वाशीम
३० मार्च, पाडवा

चि. अनुपला बापूरावाचे आशीर्वाद.

गुढी उभारली, पुरणपोळी झाली, तुझ्या वाट्याची मी खाल्ली. तुझं पत्र दोनदा वाचलं. परदेशात जाऊन चार दिवस झाले नाहीत, तर बापाच्या कामात खोट दिसायला लागली का? तिथलं लाकूड वेगळं, आपलं सागवान वेगळं.

दरवर्षी सप्ताहाआधी गावासमोर मी प्रत्येक खांबावर हातोडी मारतो. मी ठणठणीत म्हटलं, की मगच आपला पुजारी लालसिंग सतरंज्या अंथरतो. कालच सहाही खांब ठोकले. सहाही ठणठणीत आहेत. तुझी आई म्हणते, तू लहानपणी विहिरीत डोकावायलाही भ्यायचास. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नको, पोटभर जेव.

आशीर्वाद आहेतच.
बापूराव

क्वेडलिनबुर्ग
३१ मार्च

ती. बाबा, सा. नमस्कार.

आज म्हाताऱ्यानं हातोडी माझ्या हातात दिली. चांगला खांब ठोकला की खणखणतो. कुजका नुसता धप्प करतो, भिजल्या ढोलकीसारखा. ठोकताना तो स्वतः कान लाकडाला लावून उभा होता. ते पाहिलं आणि माझा हात थांबला.

मला मालेगावचा स्टँड आठवला. दिवाळीत मागून एसटी हॉर्न देत होती आणि तुम्ही सरळ चालत होता. मी दंडाला धरून ओढलं, तर तुम्ही माझ्यावरच चिडलात. बाबा, रागवा, पण खरं सांगा. परवा खांब ठोकलेत, तेव्हा तुम्हाला आवाज ऐकू आला का?

विमान दहा तारखेचं आहे. लवकर लिहा.

तुमचा
अनुप

खैरवाडी
२ एप्रिल

चि. अनुपला आशीर्वाद.

नाही ऐकू आला. तीन वर्षांपासून येत नाही. पहिल्या वर्षी वाटलं, पुढच्या सप्ताहाआधी सांगू. पण सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत उभं राहतं. सुतार बापूरावाचे कान गेले, हे कुठल्या तोंडानं सांगू? हाताला बसलेला झटका चांगला वाटला, की ठणठणीत म्हणायचो.

विजयमालेनं तुझा प्रश्न माझ्याआधी वाचला. मोबाईल माझ्या हातात देऊन तिनं हातोडीची पिशवी उचलली. भर दुपारी मंडपात कोणी नसताना आम्ही दोघं गेलो. मी ठोकलं, तिनं कान लावला. तिसऱ्या खांबापाशी ती मागे सरकली. मला ऐकू जाणार नाही म्हणून माझीच पेन्सिल घेऊन तिनं त्या सिमेंटवर लिहिलं, ‘मामाजी, हा मुका हाये.’

सिमेंट फोडलं. पटाशीवर हातोडी मारावीच लागली नाही, नुसती टेकवली तर मुठीपर्यंत आत गेली. काळा भुसा बाहेर आला. अनुप, सात सप्ताह तुझी आई त्याला पाठ लावून बसली.

संध्याकाळी गाव जमवून मीच सगळं सांगितलं, सिमेंटचं आणि कानाचंही. कोण काय म्हणालं ते मला ऐकू आलं नाही, ते एक बरं झालं. लालसिंगानं मात्र माझ्या हातातली हातोडी घेतली, पिशवीत ठेवली आणि पिशवी परत माझ्याच खांद्याला अडकवली. टेकू लावलेत, मंडपाला कुलूप घातलंय. सप्ताह शाळेच्या पटांगणात होईल.

उरलेल्या पाचांपैकी दोन खांबांचं विजयमालेला नक्की कळेना. मला अजून भीती वाटते. दहाला विमानात बस आणि सरळ घरी ये. मी ठोकतो, तू ऐक.

तुझा
बापूराव