आईला न चालणारी टपटप

आई, आज डाळ शिजली नाही. तू असतीस तर कुकरचं झाकण उघडून एवढंच म्हणाली असतीस, "पाणी जड आलंय." बिबवेवाडीच्या घरी उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी सोडायचे, ते सोसायटीने सांगण्याआधी तुझ्या तुरीला कळायचं. गळका नळ तर तुला खपतच नसे. एकदा मी मोरीतला नळ नीट न पिळता अभ्यासाला बसलो, तर तू पुस्तक मिटलंस. "टपटप असलेल्या घरात काही टिकत नाही. आधी तो नळ बंद कर, मग मोठा हो." बाबा पेपरआडून म्हणाले, "वायसर गेलाय गं त्याचा." "मग आणा की," तू म्हणालीस. जेवणाआधी त्यांनी तो आणला.

इथे मांजरीच्या नव्या घरी बारा महिने बोअर, नाहीतर टँकर. नळांच्या तोंडाशी पांढरी दाढी वाढते, शॉवरची भोकं एकेक करून मिटतात. बाबांना आता कमी ऐकू येतं आणि ऐकू आलं नाही की ते मान डोलावतात. गिझर बसवणारा म्हणाला होता, "खालच्या नळीतून थेंब पडणारच, आतला दाब तिथून निघतो. पडू द्या." बाबांनी मान डोलावली.

गेल्या महिन्यात एका सकाळी ते आंघोळीला गेले आणि भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला, पातेल्यात खडे उकळत असल्यासारखा. ओट्यापाशी ही थांबली. "अहो, तो गिझर काहीतरी चावतोय. आणि थेंबाचा आवाज कुठे गेला?"

मी दार वाजवलं. "बाबा, बाहेर या!"

"फेस आला की येतो. या पाण्यात साबण नुसता झिजतो."

"गिझरचं गळणं थांबलंय का?" मी ओरडून विचारलं.

"थांबलंय काय, मीच बूच मारलंय. तुझ्या आईला टपटप चालत नसे."

मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. आवाज लगेच थांबत नाही, आई. तो हळूहळू उतरतो आणि तेवढा वेळ मी दाराला तळवा टेकून उभा असतो. बाबा बाहेर आले तेव्हा पायांवर साबण तसाच होता. "लाइट गेली," ते म्हणाले.

गिझर उघडला तर आतून अंड्याच्या टरफलांसारखे पापुद्रे पडले. पाणी तापलं की बंद करणारा खटका त्या थराखाली बुजला होता. किती तापलंय हे त्याला कळतच नव्हतं, आणि दाब निघायची एकच वाट बाबांनी तुझ्यासाठी बंद केली होती.

आता नवा गिझर आहे, नवे थेंब आहेत. बाबांना सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिशात बूच सापडलं.

हे पत्र कुठे टाकणार? पण तुला सांगायलाच हवं. मी तुझ्या नावावर एक वाक्य खपवलंय. "बाबा, आई म्हणायची, गिझरचं गळणं गळण्यात धरत नाहीत." "मला नाही म्हणाली कधी," ते म्हणाले आणि टॉवेल घेऊन आत गेले.

तेव्हापासून रोज सकाळी ते कडी लावतात आणि मी बाहेर उभा राहून टपटप ऐकतो.