नकाशात गार पडलेलं घर

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलंय खरं, पण गेल्या महिन्यापासून कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतील. उरलेली तीन मनानं टेकवली आहेत असं धरून चाल.) तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला गेला, की अजून मुक्कामाला आहे? आमच्याकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून. फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. आत्या, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तू फोनवर 'बोल' म्हणालीस की मी इकडे आपोआप उभा राहतो आणि काय बोलायचं ते विसरतो. आज जे सांगायचं आहे ते लांबलचक आहे आणि त्यात माझी पुरेपूर शोभा झालेली आहे, म्हणून लिहूनच सांगतो.

मुख्य काळजी आधी सांगून टाकतो. उन्हाळा यंदा लवकर आला आहे, आणि बाबा अजून त्या माडीवरच्या खोलीत एकटेच राहताहेत. तू ती खोली पाहिली आहेस. खाली सुतारकामाच्या गाळ्यांची लांबच लांब रांग, टोकाला जिना, जिन्यावर बाबा. तू येऊन गेल्यानंतर मालकानं कौलं काढून सगळ्या रांगेवर नवा कोरा पत्रा घातला आहे, इतका चकचकीत की समोरच्या इमारतीतले लोक दुपारी पडदे ओढून बसतात. आई गेल्यापासून मी बाबांना आमच्याकडे या म्हणतोय आणि ते 'बघू' म्हणताहेत. तुझ्या भावाच्या 'बघू'चा अर्थ तुला मी सांगायला नको. यंदा तर त्यांनी 'बघू'सुद्धा म्हटलं नाही, साफ नाही म्हणून सांगितलं, आणि त्याचं कारण दुसरंतिसरं कोणी नसून तुझा हा विद्वान भाचा आहे.

मी काय काम करतो हे मी तुला दर भेटीत समजावून सांगतो, आणि तू दर भेटीनंतर लोकांना सांगतेस की भाचा हवामान खात्यात आहे. मी हवामान खात्यात नाही, आत्या. (तुझ्या शेजारीणबाईंना पाऊस कधी पडणार ते मला विचारू नको म्हणून सांग.) मी पालिकेच्या नकाशा विभागात आहे. वरून उपग्रह शहराची चित्रं पाठवतो, आणि आम्ही वातानुकूलित खोलीत स्वेटर घालून त्यात रंग भरतो. कुठे पाणी तुंबेल, कुठली टेकडी घसरेल, कुठली झाडं गेली आणि तिथे काय उगवलं, हे सगळं आम्ही खुर्चीवरून न उठता सांगतो. त्यातलं माझं खातं उन्हाचं. तापलेला भाग लाल, गार भाग निळा. शहर गेल्या काही वर्षांत इतकं लाल झालं आहे की लाल शाई मागवताना भांडारातला कारकून माझ्याकडे संशयानं बघतो.

नवं चित्र आलं की आमच्या विभागात एक रीत पाळली जाते, ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही. प्रत्येक जण आधी आपलं घर शोधतो. आमच्या विभागप्रमुख बाईसुद्धा. पूर असो, वणवा असो, बाई गंभीर चेहऱ्यानं पडद्यापुढे वाकतात, आणि त्यांचा माऊस हळूच त्यांच्या गल्लीत शिरतो. मी आधी माझं घर बघितलं. लाल. सासुरवाडी बघितली. अगदी भडक लाल. (हे मी हिला अजून सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.) मग बाबांची गल्ली शोधली, आणि काय सांगू आत्या, एवढ्या लाल शहराच्या मधोमध गाळ्यांची ती अख्खी रांग निळीशार. जणू कोणी तिथे तळंच करून ठेवलंय.

आता लाज वाटण्याचा भाग येतो. खात्यात नवी माणसं लागली की त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे असतं. त्यात माझं एक आवडतं व्याख्यान आहे, ते मी हातवारे करून देतो. चकचकीत पत्र्यावर विश्वास ठेवू नका, असा त्याचा विषय. पत्रा कितीही तापला तरी आपली उष्णता वर सहजासहजी सोडत नाही. उलट वरच्या थंडगार आकाशाचंच रूप आरशासारखं परत पाठवतो, आणि उपग्रह बिचारा फसून तिथे गारवा आहे अशी नोंद करतो. प्रत्यक्षात खाली भट्टी असते. हे मी शिकवतो. गेल्याच महिन्यात शिकवलं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. आणि तोच मी निळा पट्टा बघून हुरळलो. मालकानं पत्रा घातला तेव्हा मीच बाबांच्या भांड्यांवर चादरी टाकायला गेलो होतो, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. खरं सांगायचं तर मला पडू द्यायचा नव्हता. त्यांच्या खोलीच्या काळजीनं मला दुपारी जेवण गोड लागत नव्हतं, आणि समोर सरकारी उपग्रह सांगत होता की काळजीचं कारण नाही. मी तो नकाशा मोठा छापून घेतला, बाबांच्या घराभोवती गोल काढला, चौकट करून आणली आणि त्यांच्या भिंतीवर स्वतः खिळा ठोकून लावली. शहरातलं सगळ्यात गार घर तुमचं, असं त्यांना सांगितलं. बाबा बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वा." मग त्यांनी खालच्या सगळ्या सुतारांना बोलावून तो दाखवला.

एवढ्यावर थांबलो असतो तर प्रकरण घरातच राहिलं असतं. पण पालिकेला उन्हाच्या दिवसांत म्हाताऱ्याकोताऱ्यांना दुपारपुरतं बसवायला एक गार जागा हवी होती, आणि बाईंनी मला विचारलं. मी क्षणाचाही विलंब न लावता गाळ्यांच्या रांगेतला रिकामा पडलेला मोठा गाळा सुचवला. नुसता सुचवला नाही, चाळीस पानांचा अहवाल दिला. (त्यात 'नैसर्गिक शीतलता' हा शब्द मी इतक्या वेळा वापरला आहे की आता तो वाचला तरी मला घाम फुटतो.) पाहणी ठरली. बाई, पालिकेचे डॉक्टर, दोन अभियंते आणि सगळ्यांच्या पुढे मी, असे आम्ही ऐन दुपारी तिथे पोचलो.

शटर वर केलं आणि आतून जी वाफ आली तिनं एका अभियंत्याचा चष्मा पांढरा केला. मी म्हटलं, बंद होतं म्हणून, जरा वेळ थांबा. आम्ही थांबलो. कोपऱ्यात सुतारांच्या सरसाचा डबा होता, त्यातला सरस आपोआप पातळ झाला होता. डॉक्टरांनी तापमापक काढला, त्याकडे बघितलं, झटकला, परत बघितला आणि बाईंच्या हातात दिला. मी तरीही, उपग्रहाच्या मते, असं काहीतरी बोलायला लागलो होतो. तेवढ्यात जिन्यावरून बाबा उतरले. इस्त्रीचा शर्ट घातलेला, खांद्यावर ओला टॉवेल. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि कोणी न विचारता सांगून टाकलं की मी इथेच वर राहतो, दुपारची छान झोप लागते, पंखासुद्धा लावावा लागत नाही. हे बोलताना त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मला त्यांचा अभिमान वाटला आणि मी बाईंकडे विजयी मुद्रेनं बघितलं. बाई पत्र्याकडे बघत होत्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही ते पत्र्याचं व्याख्यान देता ना, एकदा स्वतःही त्याला बसा." डॉक्टर म्हणाले की कपडे वाळवायला जागा उत्तम आहे, माणसं मात्र दुसरीकडे बसवू. त्या एका क्षणात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि खाली फरशीला भेग पडून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. अहवाल परत आला. त्यावर कोणीतरी पेन्सिलीनं सूर्य काढला आहे. विभागात आता मला 'शीतल' म्हणतात, चहावालासुद्धा.

माझी फजिती झाली त्याचं काही नाही, ती मला अंगवळणी पडलेली आहे. पण त्या संध्याकाळी मी बाबांकडे गेलो, नकाशा चुकला म्हणून कबूल केलं, आणि आता तरी चला म्हटलं, तर ते ऐकायलाच तयार नाहीत. म्हणाले, नकाशा बरोबर आहे, तुझ्या बाईच तुझ्यावर जळतात. डॉक्टरांचा तापमापक जुना असेल. मी त्यांना पत्र्याचं ते व्याख्यान अख्खं देऊन पाहिलं, हातवाऱ्यांसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, उपग्रह केवढ्याचा असतो? मी म्हटलं, कोट्यवधींचा. मग तो चुकेल आणि तू बरोबर, असं कसं? आत्या, माझं बोट धरून मला शाळेत घालणारा माणूस आता माझ्यावर इतका आंधळा विश्वास ठेवून भट्टीत बसला आहे, आणि ऊन रोज चढतंय. मला दुपारी कचेरीत पडद्यावर ती गल्ली बघवत नाही. भीती वाटते, इतकं सरळ लिहितो.

असो. पत्र फार लांबलं. काकांना नमस्कार. गुडघ्यांना तेल चोळत जा, आणि ते चोळताना तरी उभी राहू नकोस.

तुझा आज्ञाधारक (आणि सध्या शीतल),
भाचा

ता. क. : तुझ्या लक्षात आलंच असेल की हे पत्र तुझ्या गुडघ्यांसाठी लिहिलेलं नाही. बाबा आयुष्यात एकाच माणसाचं मुकाट्यानं ऐकतात, ते म्हणजे तू. त्यांना दोन ओळी लिही आणि आमच्याकडे जाऊन राहायला सांग. सांग म्हणजे हुकूम कर. पत्र्याचं शास्त्र त्यांना समजावत बसू नकोस, ते मी करून हरलो आहे.

आ. ता. क. : पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून हे आणखी. आज दुपारी कचेरीतून मधेच उठून बाबांकडे गेलो. गल्लीच्या तोंडाशी पोचतो तर बाबा समोरच्या झाडाखाली सुतारांच्या बाकावर बसलेले, डोक्यावर ओला टॉवेल, पायाशी पाण्याची बादली. त्यांना मी लांबून दिसलो. दिसल्याबरोबर ते उठले, टॉवेल काखेत मारला आणि या वयात, आत्या, जवळजवळ पळत रस्ता ओलांडून जिना चढले. मी पाठोपाठ वर गेलो तर दार उघडून, धाप लपवत म्हणतात, ये, बस, बघ कसं गार आहे. सुतारांनी मग सगळं सांगितलं. पत्रा घातल्यापासून बाबा दिवस त्या झाडाखालीच काढतात. मी परत वर गेलो आणि विचारलं की तुम्हाला माहीत होतं, मग बोलला का नाहीत. ते म्हणाले, "छपराखाली मी राहतो, मला कळणार नाही होय? पण तू चौकट करून आणली होतीस." आम्ही दोघंही त्या नकाशाकडे तोंड करून बसलो.

आणखी एक ता. क. : ते यायला तयार आहेत. पण मुलाचा नकाशा चुकला म्हणून घर सोडलं, असं खाली कोणी म्हणायला नको, अशी त्यांची अट आहे. ताईचा हुकूम आला म्हणून नाइलाजानं जावं लागलं, असं दिसलं पाहिजे. तेव्हा पत्र तुला लिहायचंच आहे, उलट टपाली. बाबांचा निरोप असा की ताईला म्हणावं, भरपूर कडक लिही, लहानपणीचे दोनचार उद्धार घातलेस तरी चालतील, फक्त छपराचं नाव काढू नकोस. आणि अक्षर जरा मोठं काढ. ते पत्र खाली सगळ्या सुतारांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहेत, आणि वाचायचा चष्मा त्यांनी केव्हाच सामानात बांधून टाकला आहे.