करवत कुठे गेली

रविवार, १४ तारीख
दुपार, जेवणं उरकून

प्रिय दादा,

नमस्कार. वाकून केला आहे असं समज. गुडघे आता पत्रातच वाकतात.

तू बरा असशील. मी बरी आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मांजर पाळलं आहे आणि ते माझ्याकडे राहतं. एवढं रीतीपुरतं झालं, आता पुढचं लिहू दे, कारण बातमी माझ्या पोटात मावत नाहीये. भट्टी येतेय, आपला बँड. आपल्या गावात, रेल्वेच्या जुन्या गोदामात, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. पाचवी रेकॉर्ड पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग वाजवणार आहेत. दोन तिकिटं माझ्या चष्म्याच्या डबीत घडी घालून ठेवली आहेत आणि त्यापायी चष्मा टेबलावर उघडा पडलाय.

तुझं तोंड मला इथून दिसतंय. "पाचवी? ती कापसाची?" दादा, पत्र फाडू नकोस. निदान पान उलटेपर्यंत तरी नको.

एवढी मोठी बातमी फोनवर का नाही सांगितली, असं तुझ्या मनात येईल. त्याला कारण आहे. ते लिहायचं म्हणूनच बसले आहे आणि तेच पुढे ढकलते आहे. तू ओळखतोस मला.

तू पहिली कॅसेट आणलीस तो दिवस आज सकाळपासून डोळ्यांपुढे आहे. तू कारखान्याच्या प्रेसखात्यात नवा होतास. दिवसभर पत्रे ठोकून यायचास, आणि साबणाने तीनदा धुतले तरी हातांना ग्रीसचा वास असायचा. मी कॉन्व्हेंटच्या निळ्या पिनाफोरमध्ये, घट्ट वेण्या, आणि शाळेच्या कॉयरमध्ये सगळ्यांत वरच्या ओळीत गाणारी. त्या आवाजामुळेच तू मला शिट्टी म्हणायला लागलास. कॅसेट लावलीस आणि म्हणालास, "ऐक शिट्टे, हे आमचं खातं."

मी कानांवर हात ठेवले. गिटारच्या मागे कुणीतरी लोखंडी पिंप बडवत होतं, एक यंत्र धापा टाकत होतं आणि एक माणूस घसा खरवडून ओरडत होता.

"हे गाणं?"

"पुन्हा ऐक. धाड झाल्यावर काय होतं ते बघ."

धाड झाल्यावर यंत्र श्वास घेत होतं. मग पुन्हा धाड. आणि त्या श्वासात, पार वर, एक बारीक रडवा सूर होता. तो मी तुला दाखवला. तू महिनाभर म्हणत राहिलास की टेपचं चाक कुरकुरतंय, तेल घालायला हवं. घातलंससुद्धा. बँडमधली एक बाई खरीखुरी सुताराची करवत गुडघ्यांत धरून तिच्यावर व्हायोलिनचा गज फिरवते, हे आपल्याला फार नंतर मासिकातल्या फोटोत कळलं. तेव्हा तू कॅसेट प्लेअरची माफी मागितली होतीस.

आमच्या सिस्टर म्हणायच्या, "खालचे सूर कुणालाही ऐकू येतात, मुलींनो. वरचा धरून ठेवा, तोच आधी हरवतो." त्या हे प्रार्थनेच्या गाण्यांबद्दल सांगत होत्या. मी ते भट्टीला लावलं, हे त्यांना कळलं असतं तर बिचाऱ्यांनी क्रूस धरला असता.

पहिल्या चार रेकॉर्डपर्यंत तू आणि मी एका पक्षात होतो. पाचवीपासून तू फुटलास. लोखंडी काळ आणि कापूसकाळ हे शब्द तुझेच, आणि आपले भट्टीकर अजूनही ते वापरतात, तुझ्याशी भांडताना तर नक्कीच. डेंटिस्ट म्हणतो, बँड मवाळ नाही झाला, मुरला. बसड्रायव्हर म्हणतो, नव्या स्टुडिओत सगळं कॉम्प्युटरवर करतात, तिथेच पाणी घातलं. रेकॉर्डचं दुकान चालवणारा आपला दुकानदार दोघांनाही चहा पाजतो आणि जुनी रेकॉर्ड चढ्या भावात खपवतो. आणि तू ग्रुपवर लिहायचास, "गंजलं तरी लोखंड ते लोखंड. यांनी उशा भरायला घेतल्यात." नववी रेकॉर्ड आली त्या दिवशी तू शेवटचं लिहिलंस आणि ग्रुप सोडलास.

गेल्या रविवारी दुकानाच्या माळ्यावर आम्ही सगळे जमलो होतो, कार्यक्रमाची बातमी साजरी करायला. डेंटिस्टने तुझा तो शेवटचा निरोप मोठ्याने वाचला. "करवत गेली. पाचव्या रेकॉर्डपासून करवत नाही. ती बाई स्टेजवर उभी राहून नुसता गज फिरवायचं नाटक करते."

सगळे हसले. दादा, मीही हसले. कारण पाचव्या रेकॉर्डवर करवतीखेरीज दुसरं फारसं काही नाहीच. पहिल्या मिनिटापासून ती किंचाळते. शेजारी भिंतीवर बुक्क्या मारतात.

"आजोबांचा स्पीकर तपासायला हवा," बसड्रायव्हर म्हणाला.

"स्पीकर नाही रे," दुकानदार म्हणाला, "हे असं ऐकत असतील." आणि त्याने पाचवी रेकॉर्ड लावून तीक्ष्ण सुरांचं बटण गंमत म्हणून पार शून्यावर नेलं.

करवत गेली. पत्र्यांची धार गेली. घसा खरवडणारा माणूस गोधडीखालून बोलावं तसा बोलायला लागला. उरलं ते धाड, आणि श्वास, आणि पुन्हा धाड. सगळं मऊ, भरलेलं, उशीसारखं. तू वर्षानुवर्षं जे लिहीत होतास, ते अक्षर न् अक्षर खरं होतं. आम्ही पहिल्यांदा ऐकलं इतकंच.

बाकीचे हसतच होते. मी कप खाली ठेवला तो बशीत न ठेवता टेबलाच्या कडेवर ठेवला, आणि डेंटिस्टच्या पॅन्टवर चहा सांडला. त्याने विचारलं, "मावशी, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "फार बरं वाटतंय." ते खरंच होतं. मला एकाच वेळी रडायला आणि धावायला होत होतं, आणि माझ्या वयाला दोन्ही शोभत नाही.

आता तुला वाटेल, मग पहिल्या चार रेकॉर्डवर करवत कशी ऐकू येते? त्या तुला पाठ आहेत, दादा. पाठ असलेलं गाणं कान ऐकत नाहीत, आठवण ऐकते. नवीन गाणं मात्र कानांनाच आणावं लागतं.

मंगळवारी मी बाजारातल्या त्या कानाची यंत्रं बसवणाऱ्याकडे गेले. चष्म्याच्या दुकानाशेजारी असतो तो. त्याला नाव-गाव न सांगता विचारलं. प्रेसखातं म्हटल्याबरोबर त्याने मान डोलावली. म्हणाला, त्या खात्यातली माणसं माझ्याकडे नेहमी येतात, फक्त फार उशिरा येतात. बारीक आवाज आधी जातात, जाड शेवटपर्यंत टिकतात. घंटा, पक्षी, लहान मुलं, बायका. अक्षरांतही श, स, फ ही हवेची अक्षरं जातात आणि बाकीची राहतात, म्हणून माणसाला वाटतं, आपल्याला ऐकू येतंय, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.

म्हणजे मी तुला इट्टी ऐकू येत असेन. या वयात नवीन नाव मिळालं.

घरी आले आणि एकेक आठवायला लागलं. गेल्या वेळी तुझ्याकडे किटली शेगडीवर शिट्टी मारत होती आणि तू डावा कान तिच्याकडे करून हातभर अंतरावर शब्दकोडं सोडवत बसला होतास. मला वाटलं, म्हातारा हट्टी झालाय, मी उठून बंद करावी म्हणून बसलाय. मुलाचं घर सोडून तू परत त्या दोन खोल्यांत आलास, "तिथे सगळे पुटपुटतात आणि नात तर माझ्याशी बोलतच नाही" म्हणून. परवा मी तिला फोन केला. आडवळणाने विचारलं. ती म्हणाली, "मी बोलायचे, आत्याआजी. आजोबा उत्तरच द्यायचे नाहीत. मग मी बंद केलं." सहा वर्षांची पोर ती. तिचा आवाज करवतीपेक्षाही बारीक आहे.

आता वहिनीचं लिहिते. दोन पानं तिला टाळलं.

तिचा आवाज जाड होता. लग्नात बायका म्हणाल्या होत्या, सून पुरुषी बोलते. आणि तिला एक सवय होती, कुणी काही म्हटलं की ते तुझ्यासाठी पुन्हा म्हणायची. "अहो, शिट्टी विचारतेय साखर किती." "अहो, पोरगा म्हणतोय उद्या सुट्टी आहे." मला कधीकधी राग यायचा. वाटायचं, आम्ही काय परक्या भाषेत बोलतो? दादा, तिला कळलं होतं. तुला सांगितलं नाही, आम्हालाही नाही. सगळं जग ती तिच्या जाड आवाजात उतरवून तुझ्यापर्यंत पोचवत राहिली. ती गेली आणि सगळे एकदम पुटपुटायला लागले.

ती गेल्यावर थोड्या दिवसांनी मी तुला फोन केला होता. म्हटलं, माझी मागची खोली रिकामी आहे, ये राहायला. तू म्हणालास, "मला काही ऐकू येत नाही," आणि फोन ठेवलास.

आपल्या घरात या वाक्याचा अर्थ एकच होता. अप्पा पेपर वर करून म्हणायचे, "मला काही ऐकू येत नाही," की विषय संपला. सहल असो, सायकल असो, माझं कॉलेज असो. त्यानंतर बोलायची कुणाच्या बापाची हिंमत नव्हती, आणि आपला बाप तोच असल्यामुळे आपली तर नव्हतीच. तू तेच वाक्य, त्यांच्याच आवाजात म्हणालास. मी पेपर वर गेलेला पाहिला. तरी एकदा तुझ्या दाराशी आले. बेल वाजवली, पुन्हा वाजवली. आत रेडिओवर बातम्या चालू होत्या. दार उघडलं नाहीस. मी जिना उतरून गेले आणि ठरवलं, आता तूच हाक मारशील तेव्हा.

अप्पांची शपथ, मला एकदाही सुचलं नाही की तू फक्त खरं सांगत होतास.

बघ, लिहिता लिहिता सूर उतरला. तसं नको. मी हे आनंदाने लिहितेय, कारण हिशेब लाव जरा. भट्टी मवाळ झाली नाही. नातीने अबोला धरला नाही. तू माझ्यावर रागावला नव्हतास. एवढ्या सगळ्या गोष्टी गेल्या असं तू धरून बसलास आणि त्या जागच्या जागी आहेत. लोकांना म्हातारपणी असं घबाड कुठे मिळतं?

फसवणार नाही तुला. यंत्रवाला म्हणाला, तरुणपणीचे कान परत मिळणार नाहीत. पहिले काही दिवस सगळंच पत्र्यासारखं वाजेल, स्वतःचा वरण-भात चावल्याचाही आवाज येईल आणि माणूस यंत्र काढून खणात टाकतो. मी म्हटलं, सगळं पत्र्यासारखं वाजलं तर आमचे दादा खूष होतील. त्याला विनोद कळला नाही. आणखी एक म्हणाला, कार्यक्रमाला जायचं तर यंत्र लावूनही जपून. लांब बसा, आणि फारच मोठ्याने वाजायला लागलं तर ते काढून कानात कापूस घाला. म्हणजे कापूसकाळ अखेर आला, आणि तोही तुझ्याच कानात. डेंटिस्टला सांगू की नको ते तू ठरव. ग्रुपवर मी कुणाला काही बोललेले नाही. त्यांना वाटतंय, तू अजून रुसलायस.

करवतवाली बाई या दौऱ्यानंतर थांबणार आहे. मनगटं साथ देत नाहीत म्हणे. त्यामुळे पुढच्या वेळी बघू, असं म्हणायची सोय नाही. तिने नुसतं नाटक केलं असं म्हणणारा एक माणूस या गावात आहे. त्याने तिला एकदा ऐकून मग काय म्हणायचं ते म्हणावं, एवढं तिचं आपल्याकडे येणं लागतं. आवडली नाही, तर मी तुझ्या पक्षात येईन. पाचवीला कापूस म्हणेन, चारचौघांत, माळ्यावर उभी राहून.

गुरुवारी सकाळी अकराची वेळ यंत्रवाल्याकडे तुझ्या नावाने घेतली आहे. मी दहाला तुझ्याकडे येते. त्याआधी पत्र लिहून नाही म्हणायची तुला मुभा आहे, पण तुझं उत्तर गुरुवारपर्यंत माझ्याकडे पोचत नाही, हे मी पोस्टात विचारून आले आहे.

बेल वाजवणार नाही. दार ठोकीन. एकदा धाड, मग श्वासाएवढं थांबेन, मग पुन्हा धाड. ते तुला ऐकू येईल. ते तूच मला शिकवलंस.

तुझा उजवा कान जरा बरा असावा असं मला किटलीवरून वाटतं. म्हणून गोदामात,

तुझ्या उजव्या हाताला बसणारी,
शिट्टी
(श धरून)